रेडिओवरचा जॅझ: काय लावायचं आणि कशानंतर लावायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर दर शुक्रवारी रात्री नऊ ते दहा जॅझचा कार्यक्रम करायला मिळाला आहे. हार्ड डिस्कवर ट्रॅक भरपूर आहेत, पण निवडायचं कसं ते कळत नाही. माइल्स डेव्हिसचा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रूबेक चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ अशा प्रसिद्ध गोष्टींनी सुरुवात करावी, की जॅझ जिथे जन्मला त्या न्यू ऑर्लिन्सपासून इतिहासाच्या क्रमानं जावं? आणि आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी भारतीय वळणाचा जॅझ किती ठेवावा?

मी अमेरिकेत स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका स्टेशनवर बरीच वर्षं रात्रीचा जॅझ कार्यक्रम करते. इथले नियम आणि तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण निवडीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

आधी एक निकालात काढू. इतिहासाच्या क्रमानं जाऊ नका. तो क्रम पुस्तकात शोभतो, कारण वाचक पहिल्या पानापासून येतो. रेडिओचा श्रोता नऊ वाजून सतरा मिनिटांनी येतो, तोही सहाव्या आठवड्यात. तेव्हा तुम्ही १९२७ सालात असाल, तर त्याला खरखरीत तबकडी ऐकू येणार आणि ‘जॅझ म्हणजे हे’ असं ठरवून तो निघून जाणार. इतिहास हवाच, पण तो प्रत्येक तासाच्या आत हवा. १९३९ ची तबकडी, तिच्या शेजारी १९५७ ची, तासाच्या मध्याला केव्हातरी गेल्या वर्षी आलेलं काही.

आता घड्याळ. साठ मिनिटांतून स्टेशनची ओळख, घोषणा आणि तुमचं बोलणं वजा करा. संगीताला फार तर पन्नास मिनिटं उरतात. पन्नास-साठच्या दशकातल्या एलपीवरचे, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या मोठ्या तबकड्यांवरचे, ट्रॅक सात ते अकरा मिनिटांचे. म्हणजे नुसते तेच लावले तर तुमच्या हातात पाच ते सात जागा आहेत, बस. ‘काइंड ऑफ ब्लू’ अख्खा लावला, तर पाच ट्रॅकांत पंचेचाळीस मिनिटं संपतात आणि तुम्ही फक्त निवेदक उरता. इथे एक तांत्रिक योगायोग मदतीला येतो. १९४८ मध्ये एलपी येईपर्यंत दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावत. एलिंग्टन, आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, लेस्टर यंग या सगळ्यांनी त्या तीन मिनिटांत आपलं म्हणणं बसवलं. हे जुने ट्रॅक म्हणजे तुमचे सुटे पैसे. लांब ट्रॅक नोटांसारखे, तेवढ्यावर हिशेब जुळत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला तीन-चार तबकडीच्या काळातले ट्रॅक जवळ ठेवा, लागोत न लागोत.

पण वेळेचं गणित नवखासुद्धा महिन्याभरात शिकतो. माझं खरं म्हणणं पुढे आहे. एकेकटा ट्रॅक निवडूच नका. जोडी निवडा. ‘हा ट्रॅक चांगला आहे का?’ या प्रश्नाला जॅझमध्ये काही अर्थ नाही. तुमच्या डिस्कवरचे बहुतेक ट्रॅक चांगलेच असणार, म्हणून तर तुम्ही अडकला आहात. ‘हा ट्रॅक त्याच्यानंतर का?’ असा प्रश्न घातला की हजारातले दहाच उरतात. आणि जॅझमध्ये या प्रश्नाची उत्तरं बहुधा माणसांमध्ये सापडतात. तोच ड्रमर, तोच बास वाजवणारा, कोणाच्या आठवणीत लिहिलेली धून, कोणी कोणाला पहिली नोकरी दिली. शैलीची नावं, स्विंग, बीबॉप, कूल, मोडल, ही कपाटावर लावायला ठीक. त्यांवरून तास रचला की तो कपाटासारखाच दिसतो.

एक आख्खा तास रचून दाखवते.

सुरुवात सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सच्या ‘बॉडी अँड सोल’नं, १९३९, तीन मिनिटं. पियानोचे चार बार, म्हणजे चार छोटी आवर्तनं, होतात आणि सॅक्सोफोन सुरू होतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. मूळ चाल तो सुरुवातीला जेमतेम दाखवतो, नंतर परत तिच्याकडे येतसुद्धा नाही. यानंतर त्याच गाण्याची दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं केलेली १९६० ची आवृत्ती लावायचा मोह होतो, आणि ती जोडी वाईट नाही. पण ‘एकच गाणं, दोन कलाकार’ ही युक्ती दर कार्यक्रमाला केली की शाळेची परीक्षा वाटते. मी इथे १९५७ चं ‘वेल, यू नीडंट’ लावीन, पियानोवादक थेलोनियस मंकच्या ‘मंक्स म्युझिक’ या अल्बममधलं. त्यात हॉकिन्स आहे आणि कोल्ट्रेनही आहे, दोघं एकाच खोलीत. १९४४ मध्ये याच हॉकिन्सनं मंकला आपल्या बँडमध्ये घेऊन पहिल्यांदा स्टुडिओत नेलं होतं. तेरा वर्षांनी मंकच्या रेकॉर्डिंगला हॉकिन्स पाहुणा. ट्रॅक साडेअकरा मिनिटांचा आहे. दुसऱ्याच क्रमांकाला एवढा लांब ट्रॅक धोक्याचा, पण त्यात एक जागा आहे: आपला सोलो, म्हणजे एकट्याची फेरी, संपताना मंक मोठ्यानं ‘कोल्ट्रेन! कोल्ट्रेन!’ असं ओरडतो. लावण्याआधी श्रोत्याला एवढंच सांगा की मध्येच कोणीतरी हाक मारणार आहे, लक्ष ठेवा. तो हाकेपर्यंत थांबतो, आणि तोवर त्याला मंकची सवय झालेली असते.

त्या ट्रॅकवर ड्रमला आर्ट ब्लेकी आहे. म्हणून पुढे ब्लेकीचं ‘मोनिन’’, १९५८, साडेनऊ मिनिटं. दोन लांब ट्रॅक पाठोपाठ आले, पण मंकच्या अडखळत्या चालीनंतर ही सरळ, चर्चमधल्या सवाल-जवाबासारखी धून आली की श्रोत्याचे खांदे सैल होतात. त्यात ट्रम्पेटला वीस वर्षांचा ली मॉर्गन आणि टेनर सॅक्सोफोनला बेनी गोल्सन. गोल्सननं ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ लिहिलं, १९५६ मध्ये पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेलेल्या ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनच्या आठवणीत. ते पुढच्या वर्षी मॉर्गननं वाजवलं, तेव्हा तो अठराचा होता. सातेक मिनिटं. आता क्लिफर्ड ब्राऊनचं नाव घेतलंच आहे, तर त्याला ऐकवायला नको? तर गायिका सारा व्हॉन, १९५४, सोबत क्लिफर्ड ब्राऊन, ‘ललबाय ऑफ बर्डलँड’. चार मिनिटं. तासात पहिल्यांदाच माणसाचा गळा आला, आणि तो साधारण पस्तिसाव्या मिनिटाला आला हे मुद्दाम. वाद्यसंगीताची सवय नसलेला श्रोता तिथवर थकलेला असतो.

‘ललबाय ऑफ बर्डलँड’ ही धून पियानोवादक जॉर्ज शिअरिंगनं १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबच्या रेडिओ कार्यक्रमासाठीच बांधली होती. त्याच क्लबमधून रात्री प्रक्षेपण करणारा निवेदक म्हणजे सिम्फनी सिड, आणि त्याच्या नावानं लेस्टर यंगनं चाळीसच्या दशकात तबकडी केली, ‘जंपिन’ विथ सिम्फनी सिड’. तीन मिनिटं, आपले सुटे पैसे. हॉकिन्सचा भरदार, घोटीव टेनर ऐकून झालेल्या कानाला लेस्टरचा हलका, श्वासाळ टेनर अर्ध्या तासानं भेटतो, तेव्हा एकाच वाद्याचे हे दोन स्वभाव समजावून सांगावे लागत नाहीत. लेस्टर मार्च १९५९ मध्ये गेला. दोन महिन्यांत बासवादक चार्ल्स मिंगसनं त्याच्यासाठी ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ रेकॉर्ड केलं. साडेपाच मिनिटं. शेवट १९६२ च्या ‘मनी जंगल’मधल्या ‘फ्लरेट आफ्रिकेन’नं: पियानोवर ड्यूक एलिंग्टन, बासवर मिंगस, ड्रमवर मॅक्स रोच, म्हणजे क्लिफर्ड ब्राऊनच्या बँडमधला त्याचा जोडीदार. साडेतीन मिनिटं. शेवटी दोन संथ ट्रॅक लागोपाठ आले, जे मी एरवी टाळते. रात्री दहाला पाच कमी असताना चालतं.

एकूण सत्तेचाळीस मिनिटं. तीन मिनिटं उरली, त्यांत एखादी नवी गोष्ट घाला. पियानोवादक विजय अय्यरच्या त्रयीचं (पियानो, बास, ड्रम) ‘हिस्टॉरिसिटी’ अल्बममधलं ‘गलांग’ मंकनंतर छान बसतं. त्यासाठी ब्लेकीचा दुवा तुटतो, पण एक दुवा तुटला म्हणून तास पडत नाही. उलट सगळेच दुवे घट्ट असले की श्रोत्याला हुशारीचा वास येतो. आणि हे सगळे दुवे बोलून दाखवायचेही नसतात. अर्धे सांगा, अर्धे गुपचूप राहू द्या. ज्याला कळायचे त्याला कळतात, तो पुढच्या शुक्रवारी परत येतो.

शेजारी काय नको ते लवकर सांगते. दोन पियानो-त्रयी लागोपाठ नकोत, लय कितीही वेगळी असो. लयीपेक्षा वाद्यांचा रंग बदलणं कानाला लवकर कळतं. एका दमाच्या दोन टेनर सॅक्सोफोनवाल्यांना शेजारी बसवू नका. लाइव्ह रेकॉर्डिंगच्या टाळ्यांवर लगेच स्टुडिओचा ट्रॅक आदळू नका. टाळ्या उतरताना बोला, ती तुमची हक्काची जागा आहे. पियानोवादक बिल एव्हान्सचं २५ जून १९६१ चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग माझं फार लाडकं. त्यात ग्लासांचे आवाज येतात, लोक कुजबुजतात. त्याच्यामागून मोठा ब्रास बँड लावणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानाशी ताशा.

बासच्या सोलोची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पुस्तकं ती सांगत नाहीत. रिक्षात, बसमध्ये, पंखा चालू असलेल्या हॉस्टेलच्या खोलीत डबल बासचा सोलो ऐकूच येत नाही. श्रोत्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. काही स्टेशनांत आवाज ठरावीक पातळीखाली थोडा वेळ राहिला की यंत्रणा गजर करते, किंवा आपोआप दुसरंच काही सुरू करते. तुमच्याकडे अशी यंत्रणा आहे का आणि ती किती सेकंदांवर लावली आहे, हे पहिल्या कार्यक्रमाआधी विचारून घ्या.

आवाजाची पातळीही निवडीचाच भाग. १९३९ ची तबकडी आणि या शतकातलं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगच्या आवाजावरचा शेवटचा हात, यांच्यात इतका फरक असतो की श्रोता प्रत्येक ट्रॅकला बटण फिरवत बसतो. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी, हातात ठेवा, आणि मीटरपेक्षा कानावर विश्वास ठेवा. पन्नाशीच्या शेवटच्या आणि साठीच्या सुरुवातीच्या बऱ्याच स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये फुंकवाद्यं सगळी एका बाजूला आणि ड्रम-पियानो दुसऱ्या बाजूला ढकललेले असतात. कॉलेजात दोघी मिळून एक इअरफोन ऐकतात, तेव्हा एकीला नुसता ट्रम्पेट आणि दुसरीला नुसते झांजांचे आवाज. अशा अल्बमची मोनो आवृत्ती असेल तर ती घ्या, नाहीतर दोन्ही बाजू एकत्र करून लावा. आवृत्तीवरून आठवलं: ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात छापली जात होती, कारण ध्वनिमुद्रणाचं एक टेप मशीन हळू चाललं होतं. नव्वदच्या दशकात ते दुरुस्त झालं. तुमच्या डिस्कवर कोणती आहे ते बघून ठेवा.

तर मग प्रसिद्ध ट्रॅक लावायचे की नाही? लावा. ज्यांना ते पाठ झालेत ते जॅझवाले तुमचे श्रोते नाहीतच, आणि असले तरी त्यांचं कौतुक करून घ्यायला कार्यक्रम नाही. फक्त प्रसिद्ध ट्रॅकला अनोळखी शेजारी द्या. ‘टेक फाइव्ह’ ब्रूबेकच्या चौकडीतल्या पॉल डेझमंडनं लिहिलं, पाच मात्रांचं, १९५९. त्याच्या आदल्या वर्षी ब्रूबेक चौकडी लांबच्या दौऱ्यावर गेली होती, त्यात भारतही होता. त्यातून ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ हा अल्बम आला आणि त्यात ‘कलकत्ता ब्लूज’ आहे. हे दोन शेजारी लावले की ‘टेक फाइव्ह’ जाहिरातीतल्या धुनेसारखं वाटत नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘सो व्हॉट’नंतर कोल्ट्रेन लावू नका, सगळे तेच करतात. बासवादक पॉल चेंबर्सचा धागा धरा. त्या ट्रॅकची सुरुवात करणारा बास त्याचा. तोच ‘ब्लू ट्रेन’वर आहे, ‘जायंट स्टेप्स’वर आहे, हँक मोब्लीच्या ‘सोल स्टेशन’वर आहे, आर्ट पेपरच्या १९५७ च्या अल्बमवर आहे. तेहतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्या काळातलं निम्मं कपाट त्याच्या बोटांखालून गेलेलं.

साथीदारांचा धागा धरायची सवय मला काहीशी नाइलाजानं लागली. अमेरिकेत इंटरनेटवरूनही प्रक्षेपण करणाऱ्या स्टेशनांना कायद्यानं मर्यादा आहेत: तीन तासांत एका अल्बममधले तीनपेक्षा जास्त ट्रॅक नाहीत, एका मुख्य कलाकाराचे चारपेक्षा जास्त नाहीत, आणि कोणते ट्रॅक लागणार ते आधी जाहीर करायचं नाही. त्यामुळे दोन तास नुसता माइल्स लावता येत नाही. पण दोन तास नुसता चेंबर्स लावता येतो, कारण मुखपृष्ठावर नाव दर वेळी दुसऱ्याचं असतं. तुमच्याकडे संगीताचे हक्क आणि परवाने स्टेशननं कोणाकडून घेतले आहेत आणि त्यात काय बसतं, ते व्यवस्थापकाला विचारा. ट्रॅकची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

निवडीवर बाहेरची बंधनं येतात म्हणून कुरकुरू नका. १९४१ मध्ये गीतकार-संगीतकारांची संस्था ॲस्कॅप आणि रेडिओ कंपन्या यांचं मानधनावरून भांडण झालं आणि जानेवारीपासून ॲस्कॅपच्या सभासदांची गाणी मोठ्या रेडिओ जाळ्यांवरून बंद झाली. एलिंग्टन सभासद होता, त्याचं स्वतःचं संगीत अडकलं. त्याच्यासाठी संगीत लिहिणारा बिली स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. एलिंग्टनच्या बँडला एकदम नवा साठा लागला आणि स्ट्रेहॉर्नचं ‘टेक द ए ट्रेन’ त्याच फेब्रुवारीत रेकॉर्ड होऊन बँडची ओळखधून झालं. पुढे १९५५ पासून अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर, व्हॉइस ऑफ अमेरिकावर, विलिस कोनोव्हरनं जगभर जॅझ ऐकवला, त्याचीही ओळखधून हीच. कोनोव्हरची रेकॉर्डिंग मिळाली तर जरूर ऐका. इंग्रजी जेमतेम कळणाऱ्या श्रोत्यासाठी तो मुद्दाम संथ, सुटं सुटं बोलायचा. माझ्या मते जॅझ निवेदनातलं ते सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

बोलण्याचं आपल्याकडचं वळणही वाईट नाही. आकाशवाणीवर गायकाबरोबर तबल्याला कोण, पेटीला कोण हे सांगतातच. जॅझमध्येही ते सांगा, पण ट्रॅक झाल्यावर, आणि तीनच नावं: ज्याचा अल्बम तो, ज्याचा सोलो आत्ता कानात आहे तो, आणि मागच्या फळीतला एक. सहाच्या सहा नावं वाचलीत की कोणाचंच लक्षात राहत नाही. रेकॉर्ड कंपनी, स्टुडिओ, तारीख हे सगळं सांगायची हौस मलाही आहे. ती दोन कार्यक्रमांतून एकदा भागवते.

शेवटचा प्रश्न, भारतीय वळणाचा. ‘आपले श्रोते आहेत, तर सितार-तबला असलेलं लावू’ हा विचार मला पटत नाही. सितार ऐकून ओळखीचं वाटतं, पण ज्या गोष्टीसाठी तो श्रोता जॅझकडे आला ती त्यात असेलच असं नाही. दुवा खरा असला की लावा. एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात आला होता. त्या दौऱ्यातून निघालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’ या अल्बममध्ये ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ आहे, एका मैनेच्या शिळेवरून स्ट्रेहॉर्नला सुचलेलं, क्लॅरिनेटवर जिमी हॅमिल्टन. तीनेक मिनिटांचं, म्हणजे वेळ जुळवायलाही कामाचं. त्यात वाद्य एकही भारतीय नाही आणि माझ्या दृष्टीनं ते तबला घातलेल्या डझनभर अल्बमांपेक्षा जास्त आपलं आहे. कोल्ट्रेनचं १९६१ चं ‘इंडिया’ चांगलं, पण चौदा मिनिटं आणि दोन-दोन बास. तुमची गजराची यंत्रणा आठवा. तालवादक त्रिलोक गुर्टूच्या ‘उसफ्रेट’ अल्बमवर त्याच्या आईचा, शोभा गुर्टूंचा, आवाज आहे. तो मात्र पुण्यात लावाच. ठुमरीला जाणारा श्रोता तिथे एकदम मान वर करतो.

आणि गोवा-मुंबई विसरू नका. हळदोण्याचा चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताजमध्ये बँड वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतात त्याचा ट्रम्पेट होता. १९५१ च्या ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ आर्मस्ट्राँगच्या एखाद्या तीन मिनिटांच्या तबकडीशेजारी लावून बघा. आर्मस्ट्राँग आधी, कारण चिक चॉकलेटला लोक ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणायचे. मूळ ऐकल्यावर त्याचं काय झालं ते ऐकावं. हा प्रयोग पहिल्याच कार्यक्रमात करू नका, नाहीतर पुढचे सगळे शुक्रवार जुन्या हिंदी गाण्यांच्या फर्माइशी येतील.

शेवटच्या ट्रॅकबद्दल एवढंच: तो दहाला बरोबर संपेल अशा हिशेबानं आधीच सुरू करा आणि बोलणं लांबलं तर त्याच्या आधीचा ट्रॅक सोलोच्या शेवटी हळूच उतरवा. शेवटचा कापू नका. गाणारा गळा तर कधीच मध्ये तोडू नका. पहिल्या तासाची यादी मिनिटांसकट लिहून ठेवा, आणि दोन ट्रॅकांच्या मधल्या रेघेवर ‘का’ याचं उत्तर चार शब्दांत. जिथे उत्तर सुचत नाही, तिथला ट्रॅक बदला.